उकळलेली बुचं

ताई फार प्रेमळ आहे असं त्या प्रयोगशाळेत सगळे म्हणायचे. म्हणणाऱ्यांचं काय जातं! ती कुणाचा वाढदिवस विसरत नसे, कुणाला सर्दी झाली तर स्वतःच्या पर्समधल्या गोळ्या काढून द्यायची, आणि धाकट्या बहिणीला तर तिनं आईच्या माघारी लहानाचं मोठं केलं होतं. हे शेवटचं ती स्वतः कधीच बोलून दाखवत नसे. दुसऱ्या कुणाला ते बोलता यावं एवढी जागा मात्र संभाषणात बरोबर सोडायची.

धाकटीला घरी आणि प्रयोगशाळेत, दोन्हीकडे छोटी म्हणत. तिशी उलटून गेली तरी छोटीच. दोघी एकाच सरांच्या हाताखाली होत्या. ताई कायम नोकरीतली, सरांचा उजवा हात. छोटी डॉक्टरेटच्या शेवटच्या वर्षाला. घरही एकच, एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या घरातल्या मागच्या खोलीत बाबा. झटका येऊन त्यांची उजवी बाजू गेली होती. एके काळी ते बाजारातली वजनमापं तपासायचे, त्यांना लांबून येताना बघितलं की दुकानदारांच्या तोंडचं पाणी पळायचं. आता त्यांचं सगळंच दुसऱ्याच्या हातात गेलं होतं.

दुसऱ्याच्या म्हणजे छोटीच्या. सकाळी उठल्यावर त्यांना पुसून काढायचं, चादर बदलायची, भांडं द्यायचं, भरवायचं. दुपारी प्रयोगशाळेतून धावत सुटायचं, चढावाचा रस्ता, औषधाचं दुकान, चष्मेवाला, सारखं खोदून ठेवलेलं ते वळण, मग जिने. वर जाऊन बाबांची कूस बदलायची, सूप पाजायचं, आणि त्याच वाटेनं परत. ताई घर चालवायची, औषधं आणायची, डॉक्टरांशी बोलायची. बाबांच्या खोलीच्या दारापर्यंत ती रोज यायची. चौकटीला टेकून "काय म्हणताहेत आमचे इन्स्पेक्टरसाहेब?" असं हसत विचारायची आणि तिथूनच मागे फिरायची. बाबांना तेवढं पुरायचं. मोठी हुशार आहे, मोठीला वेळ नसतो, असं ते कौतुकानं सांगायचे. कुणाला, तर त्यांच्या पाठीला पावडर लावणाऱ्या छोटीला.

आता छोटीचं काम काय होतं ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. काही धातू असे असतात की ते नुसते हजर असले तरी दोन पदार्थांचं जुळतं. धातू स्वतः त्यात खर्ची पडत नाही. शाळेच्या पुस्तकात ह्याला उत्प्रेरक म्हणतात, प्रयोगशाळेत कॅटॅलिस्ट. पॅलेडियम हा त्यातला महागडा धातू. त्याचा अख्खा तुकडा टाकला तर काम फक्त बाहेरचा थर करतो, आतला सगळा ऐतखाऊ. म्हणून त्याचे इतके बारीक कण करायचे की साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसू नयेत, आणि ते ॲल्युमिनाच्या पांढऱ्या पुडीवर बसवायचे, एकमेकांपासून लांब लांब. जवळ आले की ते एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि मग कामाला जड होतात. छोटीनं सगळी उमेद ह्या बसवण्यात घातली होती, आणि तिचा कॅटॅलिस्ट असा उतरला होता की त्यात पॅलेडियम इतरांच्या मानानं नावापुरतंच, आणि काम मात्र इतरांच्या दुप्पट वेगानं.

ते काम डोळ्यांनी बघता यायचं. फ्लास्कमध्ये औषधाच्या कारखान्यात लागणारं एक पिवळं द्रव कोमट अल्कोहोलमध्ये मिसळलेलं, त्यात चिमूटभर करडी पूड, फ्लास्कच्या तोंडाला रबरी बूच आणि बुचातून आत गेलेली हायड्रोजनची नळी. ही नळी एका उभ्या, आकडे कोरलेल्या काचेच्या नळकांड्याला जोडलेली. नळकांड्यात वर हायड्रोजन, खाली पाणी. फ्लास्कमध्ये हायड्रोजन वापरला जायला लागला की इकडे पाणी वर चढतं. कॅटॅलिस्ट जिवंत आहे की मेलेला, हे बघायला आणखी काही नको. छोटीचं पाणी असं सरसर चढायचं की आजूबाजूचे आपलं काम टाकून बघायला यायचे, आणि तिकडे पिवळं द्रव पाण्यासारखं स्वच्छ होऊन जायचं.

ह्या पाण्यावरच तिची नोकरी ठरली. दूरच्या शहरातल्या एका कंपनीला तो कॅटॅलिस्ट हवा होता आणि तो करणारी माणूसही. कंपनीची माणसं येतील, प्रयोग समोर बघतील, पदवी हातात पडेल, की छोटी तिकडे. जेवताना तिनं हे सांगितलं तेव्हा ताईनं तिला खुर्चीसकट मिठी मारली.

"माझं बाळ गं ते!" ताई म्हणाली. मग जागेवर बसल्यावर तिनं विचारलं, "आणि बाबा?"

"त्यांच्यासाठी बाई ठेवू ना. अर्धे पैसे मी पाठवीन."

"बाबा परक्या बाईला अंगाला हात लावू देतील?"

"नाही लावू दिला तर तू आहेसच की," छोटी म्हणाली. ती हे अगदी सरळ मनानं म्हणाली. ताई हसली आणि तिनं आणखी भाजी वाढून घेतली, पण ती खाल्ली नाही.

त्याच सुमारास प्रयोगशाळेतली जुनी रबरी बुचं चिरली आणि एक खोकंभर नवी आली. तांबूस, चकचकीत, वर बारीक पांढरी भुकटी, सायकलच्या नव्या ट्यूबवर असते तशी. सगळ्यांनी ती वाटून घेतली. छोटीनं आपली साबणानं धुतली, फडक्यानं पुसली आणि कामाला लावली.

रबर टिकाऊ व्हावं म्हणून त्यात गंधक घालतात. आणि गंधक म्हणजे पॅलेडियमचं विष, हे त्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणून पूर्वी तिथं एक रीत होती. नवं रबर आलं की ते कॉस्टिक सोड्यात उकळायचं, पाणी बदलून पुन्हा उकळायचं, मग खळखळून धुऊन वापरायचं. पण बुचं वर्षानुवर्षं बदललीच नव्हती. जुन्या बुचांतलं गंधक केव्हाच निघून गेलेलं, तेव्हा उकळायचं कशाला आणि सांगायचं कुणी? ज्यांच्या हाताला ती सवय होती ते निवृत्त झाले. सर स्वतः बाहेरून आलेले. उरली एकटी ताई, कारण ती सरांच्या आधीच्या म्हाताऱ्या प्रमुखांकडे शिकली होती.

ताईनं सुटीच्या दिवशी येऊन आपल्या वाटणीची बुचं उकळली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बुचं ती फडक्यावर पसरत होती, तेवढ्यात छोटी धापा टाकत आली. बाबांनी चादर दोनदा खराब केली होती. केस ओले, जाकिटाचं एक बटण भलत्याच काजात.

"सर रागावले का गं?"

"नाही, मी सांभाळून घेतलं," ताई म्हणाली. तिनं छोटीचं बटण काढून नीट लावलं आणि मग बुचांवर फडकं दुमडलं.

झालं ते एवढंच. तिनं कुणाच्या फ्लास्कमध्ये काही टाकलं नाही, कुणाची पूड बदलली नाही. ती नुसती मूग गिळून बसली. उद्या सांगू, असं तिनं त्या दिवशी मनाशी म्हटलं असेल असं कुणी भलं माणूस म्हणेल. मला तसं वाटत नाही.

छोटीचं पाणी चढेनासं झालं. पहिल्या दिवशी ते रेंगाळलं, दुसऱ्या दिवशी अर्ध्यावर थांबलं, आणि आठवडा उलटायच्या आत ते जागचं हलेना. फ्लास्कमधली वाफ वर जायची, बुचाला लागायची, थेंब होऊन खाली पडायची, आणि प्रत्येक थेंब येताना थोडं विष घेऊन यायचा. इतरांच्या फ्लास्कमध्ये पॅलेडियम रग्गड, त्यातलं थोडं मेलं तरी कुणाला पत्ता लागत नव्हता. छोटीकडे मोजकेच कण, ते सगळे गारद व्हायचे. ज्या काटकसरीसाठी तिचं नाव झालं होतं तीच तिच्या मुळावर आली.

तिनं जिवाचं रान केलं. पॅलेडियमची नवी बाटली फोडली. ॲल्युमिना बदललं. हायड्रोजनची टाकी बदलली, अल्कोहोल पुन्हा पुन्हा गाळलं. सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या यंत्रावर नमुना नेऊन बघितला, तर कण होते तसेच, लांब लांब, कुणी कुणात मिसळलेला नाही. गंधकाचा संशय तिलाही आला, येणारच. तिनं गॅसमध्ये शोधलं, द्रवात शोधलं, नळाच्या पाण्यातसुद्धा शोधलं. बुचाकडे मात्र तिचं लक्ष गेलं नाही, कारण त्याच खोक्यातली बुचं सगळ्यांकडे होती आणि सगळ्यांचं सुरळीत चाललं होतं. ताईचं तर उत्तम.

म्हणून ती सल्ला विचारायला ताईकडेच जायची.

"भट्टी बघ," ताई म्हणायची. "मला तुझ्या भट्टीचं तापमान काही खरं वाटत नाही." छोटीनं भट्टी उघडून आतल्या तारा बदलल्या. पुढच्या वेळी ताई म्हणाली, "काच नीट धुतेस ना?" छोटीनं सगळी काच आम्लात बुडवून ठेवली, हाताला फोड आले. त्याच्या पुढच्या वेळी ताई म्हणाली, "खरं सांगू? तुझं चित्तच थाऱ्यावर नाही. कंपनी, कंपनी करत बसलीस. जरा शांत हो बघू." आणि घरी ती छोटीचं डोकं मांडीवर घेऊन केसांतून हात फिरवायची, फोडांना मलम लावायची. त्या हातात खोटं काही नव्हतं, हेच मला जास्त भयंकर वाटतं. बहीण रडत होती, तिला जवळ घेणं ताईला खरंच आवडत होतं. बहीण जात नव्हती, हेही आवडत होतं.

बाबा आतून हाक मारायचे. मग छोटी डोळे पुसून उठायची.

प्रयोगशाळेत कुजबूज सुरू झाली. आधी पाणी चढत होतं की चढवलं जात होतं, असा एकानं विनोद केला आणि तो सगळ्यांना इतका आवडला की चहाच्या वेळी तो रोज नव्यानं व्हायला लागला. छोटी आली की सगळे एकदम चहाच्या कपात बघायचे. सरांच्या कानावर हे गेलंच. सर वाईट नव्हते. त्यांना फक्त स्वतःच्या नावाला डाग नको होता, आणि त्यापलीकडे त्यांना दुनियेत विशेष काही दिसत नसे. त्यांनी ताईला आत बोलावलं, दार लावलं.

"तू तिच्या शेजारच्या टेबलाला असतेस," ते म्हणाले. "आधीचे आकडे तू तुझ्या डोळ्यांनी बघितलेत का?"

ताईनं बघितले होते. कितीतरी वेळा ती छोटीच्या खांद्यावर हनुवटी टेकवून त्या पाण्याकडे बघत उभी राहिली होती. हो सर, बघितलेत, एवढे तीन शब्द पुरले असते.

"सर, ती माझी बहीण आहे," ताई म्हणाली. "मी काय बोलणार?"

सरांनी सुस्कारा टाकला आणि तिला पाणी दिलं. केवढी सचोटी, असं त्यांना वाटलं. सख्ख्या बहिणीलाही पाठीशी घालत नाही!

कंपनीची माणसं आली त्या दिवशी छोटीनं कडक इस्त्रीचा पांढरा कोट घातला होता. तिनं सर्वांत ताजी पूड वापरली, सर्वांत स्वच्छ फ्लास्क घेतला आणि शोभा म्हणून खोक्यातलं अगदी कोरं बूच लावलं. पाहुणे, सर, ताई आणि बाकीचे नळकांड्यासमोर अर्धगोल करून उभे राहिले. पाणी थोडं वर सरकलं. छोटीनं श्वास रोखून धरला. मग ते थांबलं. सगळे बघत राहिले. नुसत्या पाण्याकडे इतका वेळ बघायला लावणं हा सगळ्यांचाच अपमान होता. शेवटी पाहुण्यांतले टायवाले साहेब घड्याळाकडे बघून गोड हसले.

"लाजतंय वाटतं आज," ते म्हणाले.

सगळे हसले. सरही हसले. ताईनं पुढे होऊन छोटीच्या पाठीवर हात ठेवला, आणि छोटीनं तो हात घट्ट धरून ठेवला.

पुढचं सगळं भराभर झालं. कंपनीनं आभार मानून दुसऱ्या कुणाला घेतलं. सरांनी छोटीचा छापून आलेला लेख मागे घेतला, आकडे पुन्हा जुळत नाहीत असं कारण देऊन. ह्या धंद्यात त्याचा अर्थ चोर असा होतो. पदवी थांबवली. "काही दिवस घरी राहा, वडिलांना वेळ दे," ते म्हणाले. "ताई म्हणत होती, त्यांना तुझी फार सवय आहे."

छोटी टेबल रिकामं करायला गेली तेव्हा ताई वरच्या मजल्यावर बैठकीला होती. सामान चालू अवस्थेत परत करायचं, असा तिथला नियम. नळी ओढून काढताना छोटीचं बूच फाटलं. खोकं संपलेलं, म्हणून तिनं शेजारच्या टेबलावरून ताईचं एक उचललं. नळी घालायला बूच ओलं करावं लागतं. तिनं ते नळाखाली धरलं, भोकात बोट फिरवलं, आणि बोट तसंच आत राहिलं. आतून बुळबुळीत लागत होतं. साबणाचा नव्हे, कॉस्टिकचा बुळबुळीतपणा. एकदा हाताला कळला की माणूस तो विसरत नाही. बूच मऊ होतं, फिकट होतं, त्याला चकाकी नव्हती. नाकाशी नेलं तर कसलाच वास नाही. आपलं फाटलेलं नाकाशी नेलं, तर काडेपेटीच्या जळक्या काडीसारखा दर्प. इतके दिवस तो दर्प तिच्या नाकासमोर होता. तो रबराचा वास म्हणून तिनं सोडून दिला होता.

तिनं ताईचं बूच खळखळून धुतलं, फ्लास्क भरला, पूड टाकली, हायड्रोजन सोडला. पाणी सरसर चढलं. ती पाण्याकडे बघून ओक्साबोक्शी रडली. आधी आनंदानं, मग ते बूच कुठल्या टेबलावरचं हे आठवून.

तिनं सरांना हाताला धरून आणलं. सर मागे हात बांधून उभे राहिले. पाणी चढताना त्यांनी बघितलं, पिवळं द्रव स्वच्छ होताना बघितलं.

"बुचामुळे?" त्यांनी विचारलं.

"हो सर. नुसतं उकळायचं राहिलं होतं. आकडे खरे होते सर, सगळेच्या सगळे."

"खरे होते गं. मला बरं वाटलं," सर म्हणाले. ते खरंच हळवे झाले होते. "पण आता मी काय करू? जगाला कळवू, की आमच्याकडे बूच उकळायची अक्कल नव्हती? एकदा मागे घेतलेला लेख परत पुढे केला तर लोक माझं हसं करतील."

"मग माझं काय?"

सरांनी विचार केला. "वर्षभर जाऊ दे. मग हेच काम ताईच्या नावानं नव्यानं करू. तुझंही नाव घालू, शेवटी कुठेतरी. तिचं नाव स्वच्छ आहे."

"तिची बुचं उकळलेली होती, सर," छोटी म्हणाली. "तिला माहीत होतं."

"बघ," सर म्हणाले. "म्हणूनच म्हणतो."

संध्याकाळी ताई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. छोटी समोर येऊन बसली.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

ताईनं सुरी खाली ठेवली. सर तिच्याशी बोलले होते, चेहऱ्यावरून कळत होतं. "मला वाटलं तूही उकळली असशील," ती म्हणाली. मग छोटीच्या नजरेला नजर भिडली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली असावी. "हो. माहीत होतं."

"मी तुझ्या मांडीवर रडत होते, ताई."

"मग काय करायला हवं होतं मी? तू निघून गेली असतीस. त्या खोलीत कोण जाणार होतं?"

"बाई ठेवली असती."

"बाया टिकतात? महिनाभरात पळून जातात. मग कोण? मी! छोटे, मला नाही गं जमत ते. मला तो वास सहन होत नाही, पोटात ढवळून येतं. तुला नाही येत."

"मला येत नाही असं तुला कुणी सांगितलं?"

आत बाबा खाकरले. दोघींनी तिकडे बघितलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं छोटीच उठली.

"आणि आता जाणार तरी कुठे तू?" ताई मागून म्हणाली. दुखवायला नव्हे. तिला खरंच काळजी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ताई कामावर गेल्यावर छोटीनं बाबांना पुसून काढलं. रोजच्यापेक्षाही नीट. नखं कापली, कोरडी चादर घातली, भरवलं, पाणी पाजलं. आणि हे करता करता त्यांना सगळं सांगितलं, बुचांपासून सरांपर्यंत, आणि बाबांना सोडून आपण जाऊ नये म्हणून ताई गप्प राहिली तेही. तिला काय हवं होतं? फार नाही. एकदा कुणीतरी म्हणायला हवं होतं की पोरी, तुझं फार वाईट झालं. बाबांचा डावा डोळा भरून आला आणि तिचा हात थांबला.

"माझ्यासाठी," बाबा अडखळत म्हणाले. "मोठीनं... माझ्यासाठी एवढं केलं?"

"बाबा, माझं सगळं गेलं."

"तुझं काय... तू करशील परत. तिचा जीव बघ माझ्यावर!" आणि चालत्या बाजूनं ते हसले. त्यांना इतकं खूश तिनं झटका आल्यापासून बघितलं नव्हतं.

छोटीनं टॉवेल पिळून वाळत घातला. खालच्या मजल्यावरच्या बाईंना सांगून जायचं, म्हणजे त्या दुपारी डोकावतील, असं तिनं ठरवलं होतं. ताईला फोन करायचंही ठरवलं होतं. ती बॅग घेऊन जिना उतरली तेव्हा बाईंचं दार उघडं होतं, आत रेडिओ चालू होता. बाईंनी मान वर करून "निघालीस का गं?" विचारलं. "हो," छोटी म्हणाली, आणि पुढे काही न बोलता उतरून गेली. फोनही केला नाही. तिनंही बाबांना काही केलं नाही. फक्त कुणाला सांगितलं नाही. चढावाच्या रस्त्यानं ती बसथांब्यावर गेली आणि मिळेल त्या बसमध्ये बसली.

ताई संध्याकाळी उशिरा घरी आली. पुढच्या वर्षीचं नवं काम तिच्या नावानं होणार असं सरांनी जाहीर केलं होतं, मग सगळ्यांनी तिला थांबवून घेतलं होतं. येताना तिनं छोटीसाठी एक लोकरीचा स्वेटर घेतला, चांगल्या दुकानातला. दोन दिवस रुसेल आणि मग घालेल, असा तिचा अंदाज होता. दार उघडल्याबरोबर वास आला. तिनं छोटीला हाक मारली. स्वयंपाकघरात बटाट्यांची सालं काल होती तशीच होती. छोटीचं जाकीट खुंटीवर नव्हतं, पलंगाखालची बॅग नव्हती.

ती बाबांच्या दारापर्यंत गेली आणि चौकटीला टेकली.

बाबा सकाळपासून त्याच कुशीवर होते. ओठ सुकून पांढरे पडले होते. चादर पाठीपासून पायापर्यंत भिजली होती, आणि नुसती भिजली नव्हती. पण चेहऱ्यावर राग नव्हता. ते दिवसभर ताईची वाट बघत होते, आणि ती आली होती.

"ये," ते म्हणाले. "सांगितलं तिनं मला. सगळं. माझ्यासाठी केलंस." त्यांनी डावा हात तिच्याकडे लांब केला. "आता... तूच कर."

ताई बाहेर गेली. बाबांनी हात तसाच पुढे ठेवला, ती पाणी आणायला गेली असेल म्हणून. ती परत आली तेव्हा तिच्या नाकातोंडावर प्रयोगशाळेतला जाड मास्क होता, वरून रुमाल बांधलेला, आणि हातात कोपरापर्यंतचे हिरवे मोजे, आम्ल ओतताना घालतात ते. ती पलंगाच्या कडेला आली, चादरीचं टोक दोन बोटांत धरून उचललं, आणि तिला मोठ्यानं उमासा आला. ती तोंड फिरवून भिंतीला धरून उभी राहिली. पुन्हा वळली. पुन्हा उमासा आला.

बाबा बघत होते. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"छोटीला बोलाव," ते म्हणाले.

"ती गेली, बाबा," ताई मास्कमधून म्हणाली.

"छोटीला बोलाव."

"ती नाही येणार आता."

बाबांनी तिच्या तोंडावरच्या रुमालाकडे बघितलं, हिरव्या मोज्यांकडे बघितलं, आणि ते रडायला लागले. ताईनं डोळे मिटून घेतले आणि त्यांना दुसऱ्या कुशीवर वळवलं.